सुरगाण्याहून समुद्र किती दूर?

नाशिक जिल्ह्याची नदी कोणती, असे विचारले तर शाळकरी मूलही गोदावरीचे नाव सांगेल. परंतु जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील सुरगाणा तालुक्याचे बहुतांश पाणी गोदावरीला मिळत नाही. कोटंबी गावाजवळ उगम पावणारी अंबिका डांगच्या जंगलातून वाट काढीत, सुमारे १३६ किलोमीटरचा प्रवास करून बिलिमोऱ्याच्या परिसरात अरबी समुद्राला मिळते. नार आणि पार या नद्याही पश्चिमेकडेच वाहतात. गोदावरीला समुद्र गाठण्यासाठी सारे दख्खन ओलांडावे लागते. सुरगाण्याच्या डोंगरावर पडलेल्या पावसाला मात्र समुद्र फार जवळचा आहे. सुरगाणा गावापासून वलसाडचा किनारा सरळ रेषेत मोजला तर तो शंभर किलोमीटरच्याही आत येतो. असे असूनही समुद्र एकदाही न पाहता आयुष्य सरलेली माणसे या तालुक्यात पाड्यापाड्यांवर आढळतात. पाण्याला जी वाट सहज सापडली ती माणसाला का सापडू नये, हा प्रश्न वरवर भाबडा वाटेल. प्रत्यक्षात तो वाहतुकीच्या धोरणाचा प्रश्न आहे.

थंडी पडू लागली, भात घरात आला, की सहलींचा हंगाम सुरू होतो. शाळांच्या सहली निघतात, नोकरदार कुटुंबे रजा जुळवू लागतात, आणि समुद्राकडे जावयाचे ठरले की पहिला वाद उभा राहतो तो वाहनाचा. रेल्वेने जावे, बसने जावे की मोटार काढावी? शहरातील सुखवस्तू कुटुंबात हा वाद बहुधा आवडीनिवडीचा असतो. कोणाला खिडकीतून मागे पळणारी झाडे हवी असतात, कोणाला वाटेत हवे तेथे थांबून चहा घ्यावयाचा असतो. परंतु हाच प्रश्न सुरगाण्याच्या चौकात उभे राहून विचारला तर त्याचा रंग पालटतो. ज्या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, जेथे बहुसंख्य घरांत मोटार नाही आणि जेथे एस. टी.ची एक फेरी रद्द झाली की दिवस वाया जातो, तेथे निवड करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे?

म्हणूनच या तिन्ही वाहनांचा विचार केवळ सोयीच्या मापाने करून भागणार नाही. कोणते वाहन प्रवाशाला निसर्ग खरोखर दाखविते, कोणते त्याला सुखरूप नेते, कोणते त्याला पाण्याच्या काठाशी नेऊन सोडते, आणि कोणत्या वाहनात समाजातील सर्वांना जागा मिळते, अशा चार कसोट्या लावून पाहावयास हव्यात. यातील पहिल्या तीन कसोट्यांची चर्चा पर्यटनाच्या पुस्तिकांतून भरपूर होते. चौथीची होत नाही. आणि सुरगाण्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने खरी कसोटी चौथीच आहे.

मोटारीची मोकळीक

मोटारीच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे नव्हे. कोकणच्या किनाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. कोकण रेल्वे हा स्वतंत्र भारतातील एक अभिमानास्पद पराक्रम आहे. १९९८ मध्ये हा मार्ग पूर्ण झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. परंतु रेल्वेने कोकणात प्रथमच जाणाऱ्या प्रवाशाचा एक अपेक्षाभंग ठरलेला असतो. तो खिडकीशी बसतो समुद्र पाहावयास, आणि त्याला दिसतात ते बोगदे, भातखाचरे, नद्यांची पात्रे आणि सह्याद्रीची हिरवी भिंत. महाराष्ट्राच्या हद्दीत ही रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगराच्या अंगाने धावते. कुडाळ स्थानकावर उतरलेल्या माणसाला मालवणचा समुद्र पाहावयाचा तर आणखी सुमारे तीस किलोमीटर जावे लागते.

उलट, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता पाण्याची संगत सहसा सोडीत नाही. वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी मोटारीसह फेरीबोटीत चढून खाडी पार करता येते, आणि ज्या खाड्यांनी पूर्वी कोकणची गावे एकमेकांपासून तोडली होती त्याच खाड्या आता प्रवासाचा सर्वांत रम्य भाग ठरतात. घरात वृद्ध माणूस असेल, लहान मूल असेल, गुडघेदुखीमुळे जिना चढणे अवघड असेल, तर दारापासून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या मोटारीला पर्याय नाही, हेही मान्य करावयास हवे.

परंतु मोटारीचा हिशेब येथेच संपत नाही. मोटारीतील चौघांपैकी एकाला, म्हणजे चालविणाऱ्याला, निसर्ग दिसतच नाही; त्याला दिसतो तो समोरचा ट्रक. सुरगाण्याहून कोकणात मोटारीने जावयाचे म्हणजे आधी नव्वद किलोमीटरच्या आसपास नाशिक, मग कसाऱ्याचा घाट, मग मुंबई परिसरातील कोंडी आणि त्यानंतर पनवेलच्या पुढचा तो महामार्ग, ज्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली हाती घेतले गेले आणि दशक उलटून गेले तरी रखडतच राहिले. एक अख्खा दिवस चाकामागे घालवून रात्री किनाऱ्यावर पोचणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी समुद्रापेक्षा झोपच अधिक प्रिय वाटली तर नवल नाही.

शिवाय एका एस. टी. बसमध्ये चाळीसहून अधिक माणसे बसतात. तेवढ्याच माणसांना मोटारींतून न्यावयाचे तर दहा-अकरा मोटारी लागतात, आणि त्या साऱ्या एकाच अरुंद किनारी गावात, एकाच सुटीच्या दिवशी उभ्या राहतात. निसर्ग पाहावयास आलेल्यांच्या वाहनांनीच निसर्ग झाकला जावा, हे दृश्य आज कोकणातील किनारी गावांना नवीन राहिलेले नाही. आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्यापुढे भाड्याच्या जीपचा पर्याय उरतो. त्या जीपमध्ये किती माणसे कोंबली जातात, टपावर आणि मागच्या फळीवर किती लटकतात, हे घाटरस्त्यावरील प्रवाशांना सांगावयास नको. अशा प्रवासाला निवड म्हणणे ही शब्दांची क्रूर थट्टा होईल.

एस. टी.ची पोच

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्याच वर्षी सुरगाणा संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. परंतु राजवट बदलली याची खूण गावकऱ्याला बहुधा एस. टी.नेच पटवून दिली. ‘गाव तेथे एस. टी.’ या घोषवाक्यात मूलतः एक सामाजिक करार होता. फायद्याच्या मार्गावर जे मिळेल त्यातून तोट्याच्या मार्गावरील गाडी चालवावयाची, म्हणजे पुण्याच्या प्रवाशाने नकळत सुरगाण्याच्या प्रवाशाचा भार थोडा उचलावयाचा, असा तो करार. आजही शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देणारी, २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना विनामूल्य आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्ध्या भाड्यात नेणारी दुसरी कोणतीही वाहतूक या राज्यात नाही.

या गाडीने समुद्र गाठावयाचा तर महाराष्ट्राच्या हद्दीतील जवळचा किनारा डहाणूचा. पेठ, हरसूल, जव्हार या बाजूने घाट उतरत जाणारा हा मार्ग कोणत्याही नामांकित निसर्गरम्य मार्गाच्या पंक्तीला बसेल. सह्याद्रीची पठारे, नागली-वरईच्या उतरत्या शेतांचे तुकडे, साग आणि ऐनाची राने आणि मग हळूहळू खारा होत जाणारा वारा. डहाणूपासून बोर्डीपर्यंत रस्ता किनाऱ्याची सोबत करीत जातो; एका हाताला सुरूची झाडे आणि समुद्र, दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू तो हाच. विशेष म्हणजे सुरगाण्याच्या कोकणा आणि वारली मुलांना येथे परक्या मुलखात आल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. डहाणूच्या पाड्यांवर बोलली जाणारी वारली, भिंतींवर रेखाटलेली चित्रे आणि तारप्याचा सूर ही सारी त्यांच्या घरचीच संपत्ती आहे. आपल्याच समाजाची माणसे समुद्राच्या काठी राहतात, हे पाहणे हा पाठ्यपुस्तकाबाहेरचा मोठा धडा ठरेल.

एस. टी.चे गुणगान करताना तिच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. खिळखिळ्या खिडक्या, घाटात बंद पडणारी इंजिने, ऐनवेळी रद्द होणाऱ्या फेऱ्या आणि स्थानकांवरील अस्वच्छता ही प्रवाशाच्या रोजच्या अनुभवाची गोष्ट आहे. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तेव्हा दुर्गम तालुक्यांना किती मोठी किंमत मोजावी लागली, हे शहरी महाराष्ट्र लवकर विसरला. संपाचे कारण न्याय्य की अन्याय्य, हा वाद वेगळा. मोटार दारात असणाऱ्याला तो संप ही एक बातमी होती; नसणाऱ्याला ती बंद झालेली वाट होती.

एस. टी.ला कंटाळलेल्यांसाठी खासगी आरामबस आहे. तिच्या गाद्या मऊ असतात, हे खरे. परंतु ती बहुधा रात्री धावते, आणि रात्रीच्या प्रवासात निसर्ग हा छापील जाहिरातीपुरताच उरतो. घाटरस्ता, अंधार आणि थकलेला चालक ही तीन संकटे एकत्र आली की काय होते याची आठवण सुरगाणा परिसराला तरी निराळी करून द्यावयास नको. २ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे सापुताऱ्याच्या घाटात यात्रेकरूंची खासगी बस दरीत कोसळून अनेकांचे प्राण गेले. यात्रा असो वा सहल, घाट दिवसाउजेडीच उतरावा, हा नियम कोणत्याही आरामापेक्षा मोलाचा मानावयास हवा.

छोट्या गाडीचा लांबचा मार्ग

सुरगाण्याला रेल्वे नाही, हे विधान नकाशाच्या दृष्टीने खरे असले तरी पूर्ण सत्य नाही. सापुताऱ्याचा घाट उतरून डांगमध्ये शिरले की वघई लागते. वघईपासून बिलिमोऱ्यापर्यंत ६३ किलोमीटरचा एक अरुंदमापी लोहमार्ग आहे. त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. डांगचे सागवान बंदराकडे आणि मुख्य लोहमार्गाकडे वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदे संस्थानाने, महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, हा मार्ग उभारला. हे सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. मालेगावच्या बाजूच्या एका शेतकरी घरातून उचलून बडोद्याच्या गादीवर बसविलेल्या मुलाने पुढे जी रेल्वे घातली, तिचे शेवटचे स्थानक सुरगाण्याच्या शेजारी येऊन थांबले, हा इतिहासाचा एक सुखद योगायोग म्हणावयास हवा.

ही गाडी ६३ किलोमीटरला सुमारे तीन तास घेते. घाईच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. परंतु समुद्राकडे कसे जावे हे ज्याला मुलांना दाखवावयाचे आहे, त्याला याहून उत्तम वर्ग सापडणार नाही. डोंगर मागे पडतात, साग विरळ होतो, उसाची आणि आंब्याची शेते सुरू होतात, आणि जिचा उगम आपल्या तालुक्यात झाला त्याच अंबिकेच्या खोऱ्यातून गाडी सपाटीला उतरते. उगमापासून मुखापर्यंत नदीची सोबत करणारा प्रवास भूगोलाच्या दहा तासांचे काम करून जातो. बिलिमोऱ्याला मुंबई-सुरत हा मोठा लोहमार्ग मिळतो. तेथून दक्षिणेला वलसाड आणि वलसाडपासून चार-पाच किलोमीटरवर तिथलचा काळ्या वाळूचा किनारा. उत्तरेला नवसारीच्या बाजूने दांडी. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी एप्रिलच्या आरंभी ज्या किनाऱ्यावर पोचले आणि मूठभर मिठाने एका साम्राज्याला ज्यांनी आव्हान दिले, त्या दांडीइतके शैक्षणिक सहलीला योग्य असे दुसरे समुद्रस्थळ कोणते?

आणि हीच गाडी मोडीत निघण्याच्या बेतात होती. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे ती थांबली. त्याच वर्षाच्या अखेरीस तोट्यातील ज्या शाखामार्गांना कायमचे कुलूप लावण्याचा विचार रेल्वेने केला त्यांत बिलिमोरा-वघईचाही समावेश होता. स्थानिकांनी विरोध केला, निर्णय थांबला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. सोबत पर्यटकांसाठी एक वातानुकूलित डबाही जोडला गेला. यातून निघणारा बोध लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या मार्गाकडे केवळ जमाखर्चाच्या वहीतून पाहिले गेले तो ओझे ठरला. त्याच मार्गाकडे प्रवासी आणि पर्यटक या दोहोंच्या नजरेने पाहताच तो ठेवा ठरला.

सुरक्षिततेच्या बाबतीतही रेल्वेचे पारडे जड आहे. त्याचा अर्थ तेथे अपघात होत नाहीत असा नव्हे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून कोकण रेल्वेची गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. परंतु अशा अपघातांपासून यंत्रणेने धडा घेतला. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाच्या निराळ्या वेळापत्रकानुसार धावतात, दरडींवर पहारा असतो आणि संशय येताच गाडी थांबते. रस्त्यावर मात्र पावसाळ्यातील वेग प्रत्येक चालक आपापल्या हौसेने ठरवितो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला तेव्हा दोन एस. टी. बसगाड्या आणि अन्य वाहने अंधारात पुरात गेली. पुढे पूल नाही, हे त्यांना सांगणारा सिग्नल तेथे नव्हता. रूळ आणि रस्ता यांतील खरा फरक वेगाचा नसून अशा देखरेखीचा आहे.

हद्दीवर संपणारी सवलत

येथवरच्या विवेचनावरून निवड सोपी वाटेल: घाटापर्यंत एस. टी., पुढे रेल्वे आणि शेवटी पुन्हा बस. परंतु कागदावर सोपी वाटणारी ही वाट प्रत्यक्षात राज्याच्या सीमेवर अडते. महाराष्ट्रातील स्त्रियांना एस. टी.त मिळणारी अर्ध्या भाड्याची आणि वृद्धांना मिळणारी विनामूल्य प्रवासाची सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. सुरगाण्याच्या बाईला शेकडो किलोमीटर दूरच्या सावंतवाडीला अर्ध्या भाड्यात जाता येते. घराशेजारच्या वघईला जाताना मात्र हद्द ओलांडताच पूर्ण भाडे मोजावे लागते. जवळचा समुद्र महाग आणि दूरचा समुद्र स्वस्त, असा हा उफराटा न्याय आहे. तो कोणी दुष्ट हेतूने केलेला नाही. मुंबईत बसून नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सीमेवरचे गाव नसते, एवढाच त्याचा अर्थ.

सीमेवरच्या गावांची ही सल नवीन नाही. २०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील काही गावांनी, रस्ते, पाणी, आरोग्य या सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या, अशी मागणी केली तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. त्या मागणीमागे भाषेचा वा अस्मितेचा दुरावा नव्हता. पलीकडचा रस्ता अधिक गुळगुळीत दिसत होता, इतकेच. ज्या राज्याच्या स्थापनेसाठी एकशे पाचहून अधिक माणसांनी प्राण वेचले, त्याच्या एका कोपऱ्यातील नागरिकांना रस्त्याच्या डांबरावरून राज्य बदलावेसे वाटावे, यापेक्षा वाहतुकीचे महत्त्व सांगणारा अधिक कडवट पुरावा कोणता?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. एस. टी.चा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे राज्य शासनाच्या २०२५ मधील श्वेतपत्रिकेत नमूद आहे. अशा महामंडळावर समुद्रदर्शनाचा नवा भार कशासाठी? पोटाला भाकरी नसताना सहलीचे चोचले कशाला? या आक्षेपाचे उत्तर असे, की येथे नव्या गाड्यांची वा नव्या लोहमार्गाची मागणीच नाही. रूळ आहेत, गाडी आहे, रस्ता आहे आणि एस. टी.ही आहे. उणीव आहे ती या तिन्हींची वेळ एकमेकांशी जुळविण्याची. वघईच्या गाडीच्या वेळेशी सांधलेली सुरगाण्याची एक फेरी, निदान दिवाळी ते होळी या काळात सुरू करणे आणि सीमेवरील तालुक्यांपुरती प्रवाससवलत शेजारच्या राज्यातील जवळच्या स्थानकापर्यंत मान्य करणे, एवढेच काम आहे. दोन राज्यांतील परिवहन महामंडळांच्या गाड्या परस्परांच्या हद्दीत धावतात त्या करारांनीच. त्या करारात आणखी एक कलम घालणे अशक्य नाही. राहिला प्रश्न चोचल्यांचा. शहरातील मुलाने समुद्र पाहिला तर ते शिक्षण आणि पाड्यावरच्या मुलाने पाहिला तर तो चोचला, असा भेद कोणत्या न्यायात बसतो?

निवड कोणाची?

मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या तालुक्यांतील हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईला पायी गेले. सुमारे १८० किलोमीटरचे ते अंतर त्यांनी सहा दिवसांत कापले. अनेकांच्या पायांना फोड आले होते, कित्येकांच्या पायांत वहाणाही नव्हत्या. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून संपविला. योगायोगाने तोही १२ मार्चच होता. ते समुद्र पाहावयास गेले नव्हते. वनजमिनीचा हक्क मागावयास गेले होते. मागण्यांबाबत आश्वासन मिळाले, आणि त्याच रात्री त्यांना परत नेण्यासाठी मुंबईहून भुसावळकडे रेल्वेच्या दोन विशेष गाड्या सोडण्यात आल्या. जाताना पायी गेलेली माणसे येताना रेल्वेने आली. शासनाने मनात आणले तर दुर्गम तालुक्यातील माणसासाठी काही तासांत रेल्वेगाडी उभी राहू शकते, हे त्या रात्रीने सिद्ध केले. प्रश्न एवढाच, की अशी गाडी उभी राहण्यासाठी माणसाने आधी रक्ताळलेल्या पायांनी राजधानी गाठलीच पाहिजे काय?

रेल्वे, बस की मोटार या प्रश्नाचे उत्तर तेव्हा असे देता येईल. घरात वृद्ध वा आजारी माणूस असेल तर मोटार काढावी, दिवसाउजेडी काढावी आणि चालविणाऱ्यालाही विसावा द्यावा. शाळेची वा गावाची सहल असेल तर एस. टी.ने डहाणू-बोर्डी गाठावे. कोकणचा लांबचा किनारा पाहावयाचा असेल तर मोटारीचा हट्ट सोडून नाशिक रोडहून थेट रत्नागिरीकडे जाणारी मंगला एक्स्प्रेस धरावी आणि किनाऱ्यापर्यंतचे उरलेले अंतर एस. टी.वर सोपवावे. आणि समुद्राइतकीच त्याच्याकडे जाणारी वाटही पाहण्याची हौस असेल, तर वघईच्या छोट्या गाडीला पर्याय नाही.

परंतु हे उत्तर ज्याला निवड करता येते त्याच्यासाठी झाले. निवड करता येणे हीच ज्या तालुक्यात अजून चैन आहे तेथे उत्तर देण्याची जबाबदारी प्रवाशाची नसून शासनाची, महामंडळाची आणि रेल्वेची आहे. कोणत्याही वाहतूकव्यवस्थेची परीक्षा तिच्या सर्वांत वेगवान गाडीवरून करण्याची आपल्याला सवय जडली आहे. जून २०२३ मध्ये मुंबई-मडगाव मार्गावर वंदे भारत धावू लागली तेव्हा तिचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु राज्याच्या वाहतुकीची खरी परीक्षा शेवटच्या गावातील प्रवासी पहिल्या गाडीपर्यंत वेळेवर पोचतो की नाही, यावर व्हावयास हवी.

वघईच्या फलाटावर छोटी गाडी उभी आहे, ती सुटावयास अर्धा तास अवकाश आहे आणि सुरगाण्याच्या एस. टी.तून चाळीस मुले उतरत आहेत, एवढे दृश्य घडविण्यासाठी ना नवा पूल बांधावयाचा आहे, ना नवा बोगदा खोदावयाचा आहे. दोन कचेऱ्यांतील दोन वेळापत्रके एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवावयाची आहेत. अंबिकेने ती वाट फार पूर्वीच आखून दिली आहे. माणसांची गाडी तिच्या मागून निघावयाची तेवढी राहिली आहे.